लेव्ह याशिन

लेव्ह इवानोविच याशिन (२२ ऑक्टोबर, इ.स. १९२९ – २० मार्च, इ.स. १९९०) हे सोव्हिएत संघाचे फुटबॉल खेळाडू होते. जगातील सर्वश्रेष्ठ गोलरक्षकांमध्ये त्यांची गणना होते. डायनॅमो मॉस्को या एकाच क्लबकडून ते १९५० ते १९७० अशी दोन दशके खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या आणि १९६० मध्ये पहिली युरोपीय राष्ट्रांची फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचे ते गोलरक्षक होते. युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूसाठीचा बॅलन डी'ओर पुरस्कार त्यांना १९६३ साली मिळाला. पुरुष खेळाडूंसाठीचा हा पुरस्कार मिळवणारे ते आजवरचे एकमेव गोलरक्षक आहेत. या बहुमानाच्या जेमतेम दीड वर्ष आधी, १९६२ च्या विश्वचषकातील पराभवाचे खापर त्यांच्याच माथी फोडले गेले होते.

जन्म आणि बालपण

याशिन यांचा जन्म मॉस्को शहरातील बोगोरोद्स्कोये या कामगार वस्तीत झाला. वडील विमाननिर्मितीशी संबंधित कारखान्यात कामगार होते. याशिन लहान असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. वस्तीतल्या इतर मुलांप्रमाणे ते उन्हाळ्यात अंगणात फुटबॉल आणि हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळत. लहानपणी त्यांना गोल अडवण्यापेक्षा गोल करण्याची अधिक हौस होती. परंतु उंची आणि लांब हात यांमुळे सवंगडी त्यांनाच गोलाच्या खांबांमध्ये उभे करीत.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. युद्धोपयोगी कारखाने पूर्वेकडे हलवण्यात आले. वडिलांच्या कारखान्यासोबत याशिन कुटुंबही व्होल्गा नदीकाठच्या उल्यानोव्स्क शहराजवळ गेले. मोठी माणसे आघाडीवर गेल्याने कारखान्यांत मनुष्यबळाचा तुटवडा होता, त्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास याशिन यांच्या हाती पुस्तकांऐवजी अवजारे आली. फिटरचे काम शिकत त्यांनी मोठ्या माणसांच्या बरोबरीने पाळ्या केल्या. १९४४ मध्ये कुटुंब मॉस्कोला परतले, तरी त्यांची कारखान्यातली नोकरी चालूच राहिली. युद्धकाळातील परिश्रमांबद्दलचे सरकारी पदक त्यांना मिळाले तेव्हा ते केवळ सोळा वर्षांचे होते.

कारखान्यातून मैदानाकडे

कोवळ्या वयातील सततच्या कष्टांचा परिणाम याशिन यांच्या मनावर झाला. अठराव्या वर्षी त्यांना तीव्र नैराश्याने ग्रासले आणि एके दिवशी ते कामावर जायचेच थांबले. त्या काळात सोव्हिएत संघात विनापरवानगी कामावरून गैरहजर राहणे हा कायद्याने गुन्हा होता. परिचितांच्या सल्ल्याने ते मुदतीपूर्वीच सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाले. मॉस्कोतील अंतर्गत सुरक्षा दलात त्यांची नेमणूक झाली. डायनॅमो ही याच गृहखात्याशी संलग्न असलेली क्रीडासंस्था होती. दलाच्या संघाकडून खेळताना डायनॅमोचे प्रशिक्षक अर्कादी चेर्निशोव यांची नजर या उंच, किडकिडीत तरुणावर पडली आणि १९४९ मध्ये त्यांनी याशिन यांना डायनॅमोच्या युवा संघात घेतले.

अपयशी पदार्पण आणि आइस हॉकी

त्या वेळी डायनॅमोचे मुख्य गोलरक्षक अलेक्सेई खोमिच होते. १९४५ च्या ब्रिटन दौऱ्यात त्यांच्या चपळ खेळामुळे तेथील लोकांनी त्यांना वाघ हे टोपणनाव दिले होते. त्यांच्यापाठोपाठ वाल्तेर सानाया होते आणि याशिन यांचा क्रमांक तिसरा होता.

१९५० च्या वसंतात काळ्या समुद्राकाठच्या गाग्रा येथे एका सराव सामन्यात प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने मारलेला लांब चेंडू पकडायला याशिन पुढे धावले, स्वतःच्याच बचावपटूवर आदळले आणि चेंडू उसळून जाळ्यात गेला. समोरच्या गोलरक्षकाने आपल्यावर गोल करावा, याहून मोठी नामुष्की नवख्या गोलरक्षकाला दुसरी कोणती असणार? त्याच वर्षी २ जुलै रोजी स्पार्ताक मॉस्कोविरुद्धच्या लीग सामन्यात खोमिच जखमी झाल्याने त्यांना मैदानात उतरावे लागले. डायनॅमो १–० ने आघाडीवर होता. पुन्हा तसाच प्रकार घडला: उंच चेंडूसाठी ते पुढे आले, आपल्याच सहकाऱ्यावर आदळले आणि प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरी साधली. त्यानंतर लवकरच त्यांची रवानगी राखीव संघात झाली आणि जवळपास तीन वर्षे ते तेथेच राहिले.

या काळात त्यांनी फुटबॉल सोडला नाही, मात्र हिवाळ्यात ते डायनॅमोच्या आइस हॉकी संघाचेही गोलरक्षण करू लागले. लहानशी रबरी चकती प्रचंड वेगाने येत असल्याने या खेळात गोलरक्षकाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. १९५३ मध्ये आइस हॉकीचा सोव्हिएत चषक जिंकणाऱ्या डायनॅमो संघात ते होते. राष्ट्रीय आइस हॉकी संघासाठीही त्यांच्या नावाचा विचार झाला होता. परंतु त्याच वर्षी खोमिच डायनॅमोतून बाहेर पडले आणि फुटबॉल संघातील जागा रिकामी झाली. दोन्ही खेळांपैकी एकाची निवड करणे भाग होते. याशिन यांनी फुटबॉल निवडला.

डायनॅमोतील यश

१९५३ पासून डायनॅमोच्या पहिल्या क्रमांकाच्या गोलरक्षकाचे स्थान याशिन यांच्याकडे आले. त्या वर्षी डायनॅमोने सोव्हिएत फुटबॉल चषक जिंकला. १९५४, १९५५, १९५७, १९५९ आणि १९६३ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे संघाने त्यांच्या काळात मिळवली. १९६७ आणि १९७० मध्ये चषक पुन्हा डायनॅमोकडे आला. लीग स्पर्धेत ते क्लबकडून एकूण ३२६ सामने खेळले. सोव्हिएत व्यवस्थेत परदेशी क्लबकडून खेळण्याचा मार्ग खेळाडूंना बंद असल्याने त्यांची सारी कारकीर्द मॉस्कोतच गेली.

खेळाची शैली

याशिन यांच्या पूर्वीच्या काळात गोलरक्षकाने गोलाच्या रेषेजवळ थांबावे आणि आलेला चेंडू अडवावा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. हंगेरीच्या ग्युला ग्रोसिच यांच्यासारखे काही मोजके गोलरक्षक पुढे येऊन खेळत. याशिन यांनी ही पद्धत अधिक व्यापक केली. प्रतिस्पर्ध्याचा लांब पास बचावफळीच्या मागे पडला की ते धावत पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर येत आणि पायाने किंवा डोक्याने चेंडू परतवत. क्षेत्राबाहेर गोलरक्षकाला हात वापरता येत नाही. डोक्याने चेंडू मारण्यापूर्वी ते आपली कापडी टोपी काढून हातात घेत, हे दृश्य प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले होते. ज्या चुकीमुळे १९५० मध्ये त्यांना संघातील स्थान गमवावे लागले, ती पुढे येण्याचीच होती. पुढे येणे त्यांनी सोडून दिले नाही. केव्हा यायचे आणि सहकाऱ्यांना आधी कसे सावध करायचे, हे ते शिकले.

सामनाभर मोठ्या आवाजात बचावपटूंना सूचना देणे, हा त्यांच्या खेळाचा आणखी एक विशेष होता. गर्दीत चेंडू पकडण्याचा धोका न पत्करता ते मुठीने तो दूर ठोसत. चेंडू हाती आला की लाथ मारून आकाशात भिरकावण्याऐवजी तो मोकळ्या सहकाऱ्याकडे हाताने फेकत आणि तेथूनच संघाची चढाई सुरू होई. गोलरक्षक हा बचावफळीचा सूत्रधार आणि चढाईचा पहिला खेळाडू असतो, हा आज सर्वमान्य असलेला विचार रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ते गडद रंगाचा पोशाख घालत. त्यामुळे आणि लांब हातांमुळे परदेशी वृत्तपत्रांनी त्यांना काळा कोळी, काळा ऑक्टोपस अशी नावे दिली. प्रत्यक्षात त्यांची जर्सी बहुधा गडद निळ्या रंगाची असे. कृष्णधवल छायाचित्रांत ती काळी दिसे.

राष्ट्रीय संघ: ऑलिंपिक ते युरोपीय अजिंक्यपद

८ सप्टेंबर १९५४ रोजी मॉस्कोत स्वीडनविरुद्ध याशिन यांनी राष्ट्रीय संघाकडून पदार्पण केले. हा सामना सोव्हिएत संघाने ७–० असा जिंकला. पुढील वर्षी विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीला मॉस्कोत ३–२ असे हरवणाऱ्या संघातही ते होते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियावर १–० असा विजय मिळवला. भारतीय वाचकांना ही स्पर्धा आणखी एका कारणाने परिचित आहे. मूळचे गोव्याचे असलेले नेव्हिल डिसूझा यांनी याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते आणि भारत चौथ्या स्थानावर राहिला होता. उपांत्य फेरीत भारताला हरवणाऱ्या युगोस्लाव्हियालाच याशिन यांनी अंतिम सामन्यात एकही गोल करू दिला नाही.

१९५८ मध्ये स्वीडनमध्ये सोव्हिएत संघ प्रथमच विश्वचषक स्पर्धेत खेळला. ऑस्ट्रियाविरुद्ध याशिन यांनी पेनल्टी अडवली. ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात पेले आणि गारिंचा हे दोघेही विश्वचषकात पहिल्यांदा उतरले. त्या सामन्यात ब्राझीलने आरंभापासून चढायांचा धडाका लावला, तरी निकाल २–० एवढाच राहिला आणि त्याचे मोठे श्रेय याशिन यांना देण्यात आले. उपांत्यपूर्व फेरीत यजमान स्वीडनने सोव्हिएत संघाला हरवले.

१९६० मध्ये युरोपीय राष्ट्रांची पहिली स्पर्धा झाली. स्पेनच्या सरकारने आपला संघ मॉस्कोला पाठवण्यास नकार दिल्याने सोव्हिएत संघाला उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळाली. उपांत्य सामन्यात चेकोस्लोव्हाकियाला ३–० असे नमवल्यानंतर १० जुलै रोजी पॅरिसमध्ये अंतिम सामना झाला. पूर्वार्धात युगोस्लाव्हियाने आघाडी घेतली; त्यानंतर मात्र याशिन यांनी दुसरा गोल होऊ दिला नाही. जादा वेळेत व्हिक्टर पोनेदेल्निक यांच्या गोलमुळे सोव्हिएत संघ २–१ असा विजयी झाला.

१९६२: चिलीतील पराभव

१९६२ च्या चिली येथील विश्वचषकात सोव्हिएत संघाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. ३ जून रोजी आरिका येथे कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ ४–१ असा पुढे होता. उत्तरार्धात कोलंबियाच्या मार्कोस कोल यांची कॉर्नर किक थेट जाळ्यात गेली. जवळच्या खांबापाशी असलेल्या बचावपटूने चेंडू याशिन यांच्यावर सोडला आणि तो दोघांमधून निसटला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या इतिहासात कॉर्नरवरून थेट झालेला हा एकमेव गोल आहे. यानंतर कोलंबियाने आणखी दोन गोल करून सामना ४–४ असा बरोबरीत सोडवला. १० जून रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीने सोव्हिएत संघाला २–१ असे हरवले. चिलीचा पहिला गोल लिओनेल सांचेझ यांच्या फ्री किकवर, तर दुसरा एलादियो रोहास यांच्या लांबवरून मारलेल्या फटक्यावर झाला.

या सामन्यांचे प्रक्षेपण सोव्हिएत संघात दिसले नव्हते. सामान्य प्रेक्षकांना जे कळले ते वृत्तपत्रांतूनच, आणि तेथे पराभवाचा दोष प्रामुख्याने गोलरक्षकावर ठेवण्यात आला होता. बचावफळीचे अपयश किंवा थकवा यांची फारशी चर्चा झाली नाही. संघ मायदेशी परतल्यावर मॉस्कोतील मैदानात याशिन यांचे नाव पुकारताच शिट्ट्या आणि हुर्यो सुरू होई. त्यांच्या घराच्या खिडक्यांच्या काचा फोडण्यात आल्या, निनावी पत्रे आली. त्यांची कारकीर्द संपली, असे परदेशातही लिहिले गेले. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते.

याशिन यांनी खेळ सोडण्याचा विचार केला. काही काळ ते मैदानापासून दूर, खेड्यात राहिले आणि आवडीच्या मासेमारीत मन रमवू लागले. डायनॅमोचे प्रशिक्षक अलेक्सांद्र पोनोमारियोव यांनी त्यांच्यावर घाई केली नाही. सराव सुरू झाल्यावरही त्यांना आधी राखीव संघाकडून, तेही मॉस्कोबाहेरच्या सामन्यांत खेळवून पुन्हा आत्मविश्वास येऊ दिला.

१९६३: पुनरागमन

१९६३ च्या लीग स्पर्धेत याशिन २७ सामने खेळले आणि त्यांत त्यांच्यावर केवळ ६ गोल झाले. डायनॅमोने अजिंक्यपद जिंकले.

२३ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या शताब्दीनिमित्त लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. दि स्टेफानो, युसेबियो, कोपा, मासोपुस्त अशा मातब्बरांच्या संघात गोलरक्षक म्हणून याशिन यांची निवड झाली होती. पूर्वार्धात त्यांनी इंग्लंडला एकही गोल करू दिला नाही. मध्यंतरानंतर त्यांच्या जागी दुसरा गोलरक्षक आला आणि इंग्लंडने सामना २–१ असा जिंकला. हा सामना सोव्हिएत दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला होता. चिलीतील सामन्यांविषयी केवळ ऐकलेल्या प्रेक्षकांनी या वेळी याशिन यांचा खेळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

त्यानंतर १० नोव्हेंबर रोजी रोममध्ये इटलीविरुद्धच्या युरोपीय स्पर्धेच्या सामन्यात त्यांनी सांद्रो माझोला यांची पेनल्टी अडवली. सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि पहिल्या सामन्यातील विजयाच्या बळावर सोव्हिएत संघ पुढील फेरीत गेला. वर्षअखेरीस युरोपीय क्रीडापत्रकारांनी बॅलन डी'ओरसाठी त्यांची निवड केली. इटलीचे जानी रिव्हेरा आणि इंग्लंडचे जिमी ग्रीव्ह्ज हे त्यांच्या मागे राहिले.

उत्तर कारकीर्द

१९६४ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माद्रिद येथे स्पेनने सोव्हिएत संघाचा २–१ असा पराभव केला.

१९६६ च्या इंग्लंडमधील विश्वचषकाच्या वेळी याशिन छत्तीस वर्षांचे होते. काही सामन्यांत त्यांना विश्रांती देण्यात आली. उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीवर २–१ असा विजय मिळवून सोव्हिएत संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या त्या सामन्यात सोव्हिएत संघाचा एक खेळाडू बाहेर काढला गेला, तर एक जखमी होता. अशा स्थितीत याशिन यांनी अनेक फटके अडवूनही संघ २–१ असा हरला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना पोर्तुगालने जिंकला. चौथे स्थान ही विश्वचषकातील सोव्हिएत संघाची सर्वोत्तम कामगिरी ठरली.

१९६७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. त्यांच्या नावावर ७४ आंतरराष्ट्रीय सामने आहेत. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी राखीव गोलरक्षक म्हणून त्यांना पुन्हा संघासोबत नेण्यात आले. मात्र प्रत्यक्ष खेळण्याचा प्रसंग आला नाही.

निवृत्ती आणि अखेरची वर्षे

२७ मे १९७१ रोजी मॉस्कोच्या लेनिन मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांचा निरोपाचा सामना झाला. त्यात डायनॅमो क्लबांच्या निवडक संघाविरुद्ध जगातील नामवंत खेळाडूंचा संघ उतरला होता. बॉबी चार्ल्टन, गेर्ड म्यूलर यांसारखे खेळाडू त्यासाठी मॉस्कोला आले होते. उत्तरार्धात याशिन मैदानाबाहेर आले आणि त्यांची जागा तरुण गोलरक्षक व्लादिमिर पिल्गुय यांनी घेतली. तोवर त्यांच्यावर एकही गोल झाला नव्हता. सामना २–२ असा बरोबरीत सुटला.

निवृत्तीनंतर काही वर्षे ते डायनॅमोचे संघव्यवस्थापक होते. पुढे त्यांनी सरकारी क्रीडा खात्यात आणि फुटबॉल महासंघात जबाबदाऱ्या सांभाळल्या. दीर्घकाळच्या धूम्रपानाचे दुष्परिणाम त्यांच्या प्रकृतीवर होत गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यास रक्ताभिसरणाच्या विकारामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला. यानंतरही कृत्रिम पाय लावून ते फुटबॉलच्या कार्यक्रमांना उपस्थित राहत. पुढे त्यांना जठराचा कर्करोग झाला. समाजवादी श्रमवीर हा देशाचा सर्वोच्च नागरी बहुमान त्यांना मार्च १९९० मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी देण्यात आला. २० मार्च १९९० रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. वागान्कोव्हो दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

कुटुंब

पत्नी व्हॅलेंतिना यांच्यापासून त्यांना इरिना आणि येलेना या दोन मुली झाल्या. त्यांचे नातू वासिली फ्रोलोव हेही डायनॅमो क्लबमध्ये गोलरक्षक होते.

वारसा

१९९४ ते २००६ या काळात विश्वचषकातील सर्वोत्तम गोलरक्षकाला देण्यात येणारा पुरस्कार याशिन यांच्या नावाने ओळखला जाई. २०१९ पासून फ्रान्स फुटबॉल हे नियतकालिक बॅलन डी'ओरसोबत वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाला याशिन करंडक देते. पहिला करंडक ब्राझीलच्या अॅलिसन बेकर यांना मिळाला. रशियात झालेल्या २०१८ च्या विश्वचषकाच्या अधिकृत भित्तिचित्रावर झेप घेणारे याशिन रेखाटले होते. मॉस्कोतील डायनॅमोच्या नव्या मैदानालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

प्रमुख विजेतेपदे आणि सन्मान

• सोव्हिएत अजिंक्यपद: १९५४, १९५५, १९५७, १९५९, १९६३
• सोव्हिएत फुटबॉल चषक: १९५३, १९६७, १९७०
• सोव्हिएत आइस हॉकी चषक: १९५३
• ऑलिंपिक सुवर्णपदक: १९५६
• युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा: विजेतेपद १९६०, उपविजेतेपद १९६४
• विश्वचषक: चौथे स्थान १९६६
• बॅलन डी'ओर: १९६३
• ऑर्डर ऑफ लेनिन: १९६७
• समाजवादी श्रमवीर: १९९०